मांडणीतला पालथा नान

उल्कानमावशी म्हणजे आमच्या आईची थोरली बहीण. माणूस म्हणून साधी. शाळा आठवीपर्यंत, नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही, बिश्केकमध्ये आमच्याच दोन खोल्यांत राहायची. ती गेल्यावर लोक भेटायला आले आणि जो तो म्हणाला, फार देवमाणूस होती हो. होतीच. पण तिला कुणी देवमाणूस म्हटलं की ती उठून स्वयंपाकघरात जायची. ती का जायची ते सांगायला पाहिजे, म्हणून हे लिहायला घेतलं. हात काही लिहिण्यात बसलेला नाही, बोलते तसंच लिहिते.

ती चित्रकलेच्या कॉलेजात कामाला होती. शिकवायला नव्हे. पहिल्या वर्षाच्या पोरांना जे सामान समोर मांडून काढायला देतात ना, त्या सामानाच्या खोलीवर ती होती. जिन्याखाली खोली. तिथे काय नव्हतं! फुटक्या कानाची किटली, तांब्याचा हंडा, घोड्याची कवटी, मेणाची सफरचंदं, भुसा भरलेला ससाणा, प्लास्टरची डोकी. आणि डोकी तर डोकी, नुसती नाकं, नुसते कान, नुसता एक डोळा. पहिल्या दिवशी तिनं विचारलं होतं म्हणे, "अगाय, बाकीचा माणूस कुठे ठेवलाय?"

अगाय म्हणजे सर, एजे म्हणजे ताई. इशेनकुल अगाय पहिल्या वर्षाला शिकवायचे. उंच, वाळके, बोटांना कायम कोळशाचं काळं. ते म्हणाले, "बाकीचा माणूस दुसऱ्या वर्षी मिळतो, एजे. आधी नाक येऊ दे."

पहिल्याच आठवड्यात मावशीनं घोळ घातला. आली तशी सगळं सामान घासूनपुसून लख्ख केलं. बाटल्यांवरची धूळ पुसली, आणि मांडणीचे जे निळे-करडे पडदे असतात ते सगळे धुऊन कडक इस्त्री करून घडी घालून ठेवले. अगाय आले, बघितलं, आणि खाली बसलेच.

"एजे, हे काय केलंत?"

"स्वच्छ केलं. किती घाण होती!"

"अहो, ती घाण आम्ही चौदा वर्षं जमवली होती. धुळीमुळे तर बाटलीवर उजेड मऊ पडतो. आणि या सुरकुत्या! सुरकुत्या काढायलाच तर शिकवतो मी पोरांना. आता काय इस्त्री काढायला शिकवू?"

हे घरी सांगताना ती इतकी हसायची की डोळे पुसायला लागायची. हळूहळू शिकली. कुठल्या वर्गाला काय लागतं, कुठल्या किटलीचा बाक पोरांना जड जातो, सगळं तोंडपाठ. मांडणी एकदा लावली की प्रत्येक वस्तूभोवती टेबलावर खडूनं रेघ मारतात. मग तीन तीन आठवडे ती वस्तू हलायची नाही. तिथून उजेड पडतो, तिथली सावली पोरं कागदावर घेतात, बोटभर हलली की सगळं खोटं पडतं. अगायांचा नियम होता, मांडणीला हात लावेल तो पाहणीला नाही. पाहणी म्हणजे त्यांची परीक्षाच. सगळ्यांचं काम भिंतीला लावायचं, बाहेरचे तीनचार मोठे चित्रकार येतात, प्रत्येकासमोर उभे राहतात. ज्याचं काम भिंतीवर नाही तो नापास, त्याची फुकटची जागाही जाते. मावशीला हा नियम माहीत होता. नऊ वर्षं तिनं तो पाळला होता. मांडणीभोवती झाडतानासुद्धा श्वास धरून झाडायची.

त्या वर्षी डिसेंबरच्या पाहणीसाठी अगायांनी मांडणी लावली. काळी किटली, तीन कांदे, निळा पडदा, आणि एक नान. बाजारातून आणलेला, गोल, चांगला जाड. आणि त्यांनी तो पालथा ठेवला. खालची बाजू वर. तंदूरला चिकटलेली, पांढुरकी, मध्ये एक जळका डाग.

मावशी दारात पडदा घेऊन उभी होती. आमच्यात नान पालथा ठेवत नाहीत. लहान मूलसुद्धा ठेवत नाही. टेबलावर कुणाकडून चुकून उलटा पडला तर जो बघेल तो आधी सरळ करतो आणि मग बोलतो. बोलली ती एक मुलगी.

ती अकमराल. आत-बाशीची, नारिनकडची, डोंगरातली. लाल गाल, बोलायला धीट.

"अगाय, नान पालथा पडलाय."

"पडलेला नाही. ठेवलाय."

"पण असा ठेवत नाहीत ना. पाप लागतं."

"अकमराल, तुला भूक लागली असेल तर खाली कँटीनला जा. इथे नान नाही. इथे काळ्या किटलीशेजारी एक उजळ सपाट तुकडा आहे. तेवढंच बघायचं. आजीला घरी ठेवून ये आणि मग रंग काढ."

वर्ग खो खो हसला. मुलगी लाल झाली, बसली. पण म्हणालीच, "आजी असती तर तिनं सरळ केला असता." त्यावर अजून हसले.

हे वाक्य सगळ्या वर्गानं ऐकलं. पुढे तेच तिला भोवलं.

दोन आठवडे गेले. मावशी त्या वर्गात जाताना मान दुसरीकडे करायची. त्यातच आमच्या भावाचा, सुयुनचा, फोन येईनासा झाला. तो रशियाला बांधकामावर गेलेला. रोज नाही तरी दोन दिवसांनी फोन यायचाच. पाच दिवस झाले, सहा झाले, आठ झाले. आई तर वेडीपिशी झाली होती. मावशी कामावर गेली की त्या वर्गाच्या दारावरून जाताना तिला तो नान दिसायचा, पोट वर करून पडलेला. तिच्या डोक्यात दोन्ही गोष्टी एक झाल्या. हे तिनंच पुढे सांगितलं. म्हणाली, मला कळत होतं की हे अडाणीपण आहे, पण कळून काय होतं.

शुक्रवारी दुपारी वर्ग रिकामा झाला. ती खिडक्या लावायला गेली. खिडक्या लावल्या. मग मांडणीपाशी गेली, बिस्मिल्ला म्हणाली, आणि नान सरळ केला.

दोन आठवड्यांचा नान म्हणजे लाकूड. हातात उलटला आणि मधोमध तडकला. अर्धा भाग खडूच्या रेघेवर पडला, चुरा निळ्या पडद्यावर सांडला. तिनं दोन्ही तुकडे जुळवून ठेवले, चुरा वेचून खिशात घातला, कारण चुराही पायदळी जाऊ द्यायचा नसतो. आणि दार ओढून निघून आली.

त्याच संध्याकाळी सुयुनचा फोन आला. फोन चोरीला गेला होता एवढंच. आई रडली, मावशी रडली, आम्ही बोरसोक, म्हणजे पिठाचे गोळे, तळले. मावशीला वाटलं, सोमवारी जाऊन अगायांना सांगून टाकू. रागावतील, नवीन नान आणतील, झालं.

सोमवारी ती गेली तेव्हा वर्गातून आरडाओरडा चालला होता. पाहणी गुरुवारी. पंधरा पोरांच्या कागदांवर पांढुरका सपाट नान, तोही अर्धाच रंगवलेला, आणि टेबलावर तपकिरी, फुगीर, दोन तुकड्यांचा. बाजारातून दुसरा आणला तरी तो जळका डाग कुठून आणायचा? एक पोरगा तर त्या डागावर चार दिवस बसला होता, त्याच्या डोळ्यांत पाणी.

अगाय ओरडले, "कुणी केलं?"

पंधरातले चौदा जण एकाच दिशेला बघत होते.

"अकमराल."

"मी नाही केलं, अगाय."

"तूच म्हणाली होतीस."

"म्हटलं होतं. केलं नाही."

"मग काय आजी येऊन गेली तुझी?"

या वेळी कुणी हसलं नाही. मावशी दारात उभी होती, हातात किल्ल्यांचा जुडगा. ती सांगायची की किल्ल्या वाजू नयेत म्हणून तिनं त्या मुठीत दाबून धरल्या होत्या. तिला म्हणायचं होतं, आजी नाही, मी. तोंड उघडलंसुद्धा. तेवढ्यात अगाय म्हणाले, "ज्यानं केलं तो या इमारतीत राहणार नाही. मग तो कुणी का असेना." मावशीनं तोंड मिटलं.

अकमरालचा कागद पाहणीला भिंतीवर लागणार नाही असं ठरलं, म्हणजे तिची जागा गेली. अगायांनी नानाचे दोन्ही तुकडे कचऱ्याच्या डब्यात टाकले. मावशीनं ते मागाहून काढून घेतले.

घरी येऊन तिनं आईला सगळं सांगितलं. आणि इथे आमचंही सांगायला पाहिजे, लपवून काय करायचं. आमची आई म्हणाली, "गप्प बस, एजे. तोंड उघडू नकोस. पोरगी तरुण आहे, तिला दहा कॉलेजं मिळतील. तुला या वयात कोण ठेवून घेणार? आणि सुयुन तिकडे, इथे दोन पगारांवर घर चाललंय." मावशी म्हणाली, "पण कालबुबू, तिनं केलेलं नाही." आई म्हणाली, "तू कुठे तिचं नाव घेऊन काही म्हणालीस? ज्यांनी म्हटलं त्यांना विचारू दे देव." आम्ही पण तिथेच बसलो होतो. चहा पीत होतो. आमच्यातलं कुणी काही म्हणालं नाही.

शनिवारी मुलीचा बाप तिला न्यायला आला. आत-बाशीहून सहासात तासांचा रस्ता, बर्फाचे दिवस. मोठा धिप्पाड माणूस, पण जिन्याखाली येताना इतका वाकून आला की मावशीला वाटलं त्याची पाठ दुखतेय. तो आधी अगायांची माफी मागून आला होता. मग विचारत विचारत सामानाच्या खोलीपाशी आला.

"एजे, सामान तुमच्याकडे असतं म्हणे."

"हो."

"पोरीनं तुमच्याही वस्तूचं नुकसान केलं. आई नाही तिला, मीच वाढवली, वळण कमी पडलं. माफ करा."

आणि त्यानं पिशवी पुढे केली. घरचे कुरुत. हातानं वळलेले, दह्याचे खारट गोळे, एकेकावर बोटांचे ठसे.

अकमराल मागे उभी होती, रंगाची पेटी छातीशी धरून. रडत नव्हती. बापाला ती आता म्हणायची, म्हणजे बाबा. म्हणाली, "आता, मी नाही केलं म्हणून सांगितलं ना तुला." तो म्हणाला, "गप. अजून किती लाज आणशील?"

मावशीनं पिशवी घेतली. ती शेवटपर्यंत म्हणायची, नान उलटला ते काही नाही, मी पिशवी घेतली. हात पुढे केला आणि घेतली, वर म्हटलं, रस्त्यात सांभाळून जा.

कुरुत तिनं घरी आणले नाहीत. सामानाच्या खोलीत, प्लास्टरच्या डोक्यांमागे एका बरणीत ठेवले. मुलीचा कागद अगायांनी रद्दीत टाकला होता, तोही उचलून तिथेच ठेवला, चित्राची बाजू भिंतीकडे करून.

तिला वाटलं असेल, दिवस जातील तसं कमी होईल. पण सप्टेंबर आला. नवी पोरं आली, पहिला दिवस, अगाय नियम सांगायला लागले. खडूची रेघ दाखवली आणि म्हणाले, "आमच्याकडे एक मुलगी होती, आत-बाशीची. तिला वाटलं नान पालथा आहे." आणि पुढची सगळी गोष्ट. पोरं हसली. अगाय चांगलं सांगायचे, हात वगैरे करून. मावशी दारात किटली घेऊन उभी होती.

पुढच्या सप्टेंबरला परत. त्याच्या पुढच्या सप्टेंबरला परत. आता त्या गोष्टीत मुलगी तोंडावर खोटंही बोलायची, आणि तिची आजी गावाहून चिठ्ठ्या पाठवायची. वरच्या वर्गातली पोरं कुणी गबाळेपणा केला की म्हणायची, "काय रे, आत-बाशीचा का?" चार सप्टेंबर मावशीनं हे ऐकलं. घरी जेवायला बसलो की नान तोडायचं काम मोठ्या माणसाचं, पण ती नान आईकडे सरकवायची. तू तोड. आई तोडायची. आई कधी विचारायची नाही, कारण आईला माहीत होतं.

चौथ्या सप्टेंबरनंतरच्या उन्हाळ्यात ती एक दिवस बरणी आणि गुंडाळलेला कागद घेऊन मिनीबसमध्ये बसली. आत-बाशीला उतरून विचारत गेली. अकमराल सापडली गावातल्या नमद्याच्या कारखान्यात, लोकर दाबून गालिचे करतात तिथे. मोठा पांढरा नमदा जमिनीवर पसरलेला, आणि ती गुडघ्यांवर बसून त्याच्यावर खडूनं नक्षी काढत होती, एका दमात, हात न उचलता. कडेला पाळण्यात मूल.

मावशीनं उभ्याउभ्याच सांगितलं. बसली असती तर सांगता आलं नसतं.

अकमरालनं ऐकून घेतलं. खडू खाली ठेवला नाही. मग म्हणाली, "एजे, मी केलं नाही हे मला माहीतच होतं. मला कशाला सांगता? ज्यांना माहीत नाही त्यांना सांगा."

"माफ कर म्हणायला आले होते."

"ते नंतर."

मावशीनं कागद पुढे केला. तिनं उलगडला, जरा वेळ बघितला. "किटली वाकडी आलीय," म्हणाली. "ही वाकडी आहे हे तेव्हा दिसलंच नाही मला." परत गुंडाळला आणि तिच्याच हातात दिला. "आधी माझ्या आतांना सांगा. ते घरी आहेत."

बाप अंगणात घोड्याचा नाल बघत होता. त्यानं ओळखलं, आनंदानं आत नेलं, जेवणाचा दस्तरखान टाकला, लोणी, जर्दाळूचा मुरंबा. मावशीनं बरणी मध्ये ठेवली आणि सांगितलं. त्यानं बरणीचं झाकण काढलं. बरणीतल्या कुरुतांवर त्याच्याच आईच्या बोटांचे ठसे होते, ती म्हातारी मधल्या काळात गेली होती.

मग म्हणाला, "बसमध्ये अख्ख्या रस्त्यात ती म्हणत होती, मी नाही केलं. सहा तास. मी तिला नारिनला एक कानाखाली दिली."

मावशी उठायला लागली.

"बसा. नान घ्या."

"नको."

"घ्या. नानानं काय केलंय."

तिनं घेतला. सगळा खाल्ला.

पाचवा सप्टेंबर आला. अगायांनी खडू उचलला. "आमच्याकडे एक मुलगी होती..."

"थांबा, अगाय."

वीस पोरं वळून बघायला लागली. ही किल्ल्यावाली म्हातारी बोलते कशी?

"त्या मुलीनं नव्हतं केलं. मी केलं. मीच उलटला, माझ्याच हातात तुटला. तेव्हा इथेच दारात होते मी, अशीच."

कुणीतरी फिसकन हसलं. त्याला वाटलं गोष्टीतलाच भाग आहे.

अगाय म्हणाले, "कधीपासून माहीत आहे तुम्हाला हे?" काय बोलावं न सुचून माणूस काहीही विचारतो तसं.

"शुक्रवारपासून," मावशी म्हणाली. "त्या शुक्रवारपासून."

अगाय खडू हातात घेऊन उभे राहिले. मग म्हणाले, "आणि मी दर वर्षी तुमच्यासमोर..." आणि बाहेर निघून गेले. तो तास झालाच नाही. मावशीनं किल्ल्या टेबलावर ठेवल्या, डबा घेतला आणि घरी आली.

दुसऱ्या दिवशी अगाय आमच्या घरी आले. चहा घेतला नाही. किल्ल्या परत दिल्या आणि म्हणाले, "तुम्हाला काढायचं तर मलाही जायला पाहिजे, एजे. मी एकदा तरी विचारलं का तुम्हाला? इतकी वर्षं दारात उभ्या असता, मला वाटलंच नाही की दारात कुणी आहे." त्यांनी आत-बाशीचा पत्ता मागितला. जागा परत मिळवून देतो म्हणून त्यांनी अकमरालला फोन केला. ती म्हणाली, आता मूल आहे, काम आहे, नको. फक्त ती गोष्ट सांगायची थांबवा.

मावशीनं हे ऐकलं आणि अगायांना म्हणाली, "थांबवू नका. माझं नाव घालून सांगा."

त्यांना ते जड गेलं. पण सांगायला लागले. दोन वर्षं ती पहिल्या दिवशी दारात येऊन उभी राहायची, स्वतःचं नाव ऐकायला. पोरं वळून बघायची. ती मान खाली घालायची नाही. घरी आली की मात्र झोपून राहायची, जेवायची नाही. पिशवी घेतल्याचं अगायांच्या गोष्टीत येत नाही, ते त्यांना माहीत नव्हतं. ते ती आम्हाला सांगायची, आजारपणात तर रोज. आम्ही म्हणायचो, झालं गेलं, सोड ना मावशी. तिला झोप यायची नाही.

फेब्रुवारीत ती गेली. चाळिसाव्या दिवशी आत-बाशीहून बाप आला, एकटा. अकमरालनं निरोप पाठवला होता का, ते विचारायची आमची हिंमत झाली नाही. त्यानंही सांगितलं नाही. दुआ झाली, जेवला, निघताना आईला म्हणाला, "तुमची बहीण सात तास गाडीत बसून आली होती सांगायला." आई मान डोलवत राहिली.

या सप्टेंबरला आई सकाळी उठली, चांगला रुमाल बांधला आणि म्हणाली, कॉलेजात चल माझ्याबरोबर, मला जिना सापडणार नाही. आम्ही गेलो. जिन्याखालच्या खोलीवर आता दुसरी बाई आहे. वर्गात अगाय खडू घेऊन उभे होते, काळी किटली तीच, कांदे, निळा पडदा. नान होता, सरळ होता. त्यांनी गोष्ट सांगितली, मावशीचं नाव घेऊन. संपली तेव्हा आई दारातून आत गेली.

"एक राहिलं," म्हणाली. "ती त्याच सोमवारी सांगणार होती. तिची एक बहीण आहे घरी. तिनं सांगितलं गप्प बस म्हणून."

पुढच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "मग ती बहीण काय म्हणाली नंतर?"

आई तिथेच उभी राहिली. अगायांनी खुर्ची पुढे केली, ती बसली नाही.